हजार फ्रेममधला एक डोळा: लहान पक्ष्यांचे फोटो निवडण्यासाठी फास्टरॉव्ह्यूअर

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात एखादा डोंबारी चंडोल आणि वटवट्याची एक जोडी जरी नीट मिळाली, तरी कार्डावर हजार-बाराशे फ्रेम सहज जमतात. सेकंदाला १० फ्रेम घेणारा कॅमेरा असेल तर तीन सेकंद बोट दाबून धरलं की ३० फोटो. असं चाळीस वेळा झालं की बाराशे. त्यातले ठेवण्याजोगे पंधरा-वीस, लोकांना दाखवण्याजोगे दोन-तीन. चिमणीएवढ्या किंवा तिच्याहून लहान पक्ष्यांच्या फोटोग्राफीत निम्मी मेहनत घरी आल्यावर, छाटणी करताना असते. बरेच चांगले फोटो इथंच वाया जातात, कारण ज्या चित्राकडे बघून निर्णय घेतला जातो ते चित्रच खरं नसतं.

रॉ फाइल म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा. तिच्या पोटात कॅमेऱ्याने तयार केलेला एक जेपेग असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आणि झपाट्याने चित्रं उघडणाऱ्या बहुतेक व्ह्यूअरमध्ये दिसतो तो हाच. त्यावर शार्पनिंग चढवलेलं असतं, नॉइज (चित्रातले दाणे) पुसलेला असतो, कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो. काळवीट फ्रेमभर उभं असेल तर याने काही बिघडत नाही. मुनियासारख्या इवल्या पक्ष्याच्या बाबतीत मात्र सगळाच घोळ होतो. नॉइजबरोबर मानेवरची बारीक पिसं पुसली जातात, आणि डोळ्याच्या कडेला शार्पनिंगची एक खोटी रेघ उमटते. फोकस दोन सेंटिमीटर चुकलेली फ्रेम मग ‘चालेल’ वाटते आणि खरोखर बारकावे असलेली फ्रेम तिच्याशेजारी वेगळी दिसत नाही.

फास्टरॉव्ह्यूअर या एका अडचणीवर नेमकं बोट ठेवतं. लिबरॉ एलएलसी या कंपनीचं हे सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. इतर सॉफ्टवेअरना रॉ फाइल वाचता याव्यात म्हणून बनवलेला लिबरॉ हा मुक्त कोड (लायब्ररी) याच मंडळींचा. डिजिकॅमसारखी फुकट सॉफ्टवेअरही तोच वापरतात. फास्टरॉव्ह्यूअर पोटातला जेपेग न दाखवता रॉ डेटा तिथल्या तिथे उलगडून दाखवतं. हे एडिटर नाही, कॅटलॉगही नाही. फोटो बघायचे, तपासायचे, तारे द्यायचे, बाद करायचे, एवढंच काम. पैसे एकदाच भरायचे, महिन्याची वर्गणी नाही, आणि तीस दिवस फुकट वापरून बघता येतं. लहान पक्ष्यांसाठी छाटणीचं एकच सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असेल तर हेच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठे पक्षी, पाणथळीतले थवे किंवा लग्नसमारंभ हेच काम असेल तर मात्र याची गरज नाही.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत बघा. १० सेंटिमीटर लांबीचा शिंजीर, १० मीटर अंतर, ५०० मिमी लेन्स, २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा. फ्रेमची रुंदी ६००० पिक्सेल, त्यात पक्षी भरतो सुमारे ९०० पिक्सेल. त्याचा डोळा यातला साधारण तीन टक्के धरला तर २७ पिक्सेल. आता सोनीच्या अनेक मॉडेलमध्ये, विशेषतः जुन्या, रॉच्या पोटातला जेपेग असतो फक्त १६१६ बाय १०८० पिक्सेलचा. त्यात तोच पक्षी होतो अडीचशेच्याही आत आणि डोळा उरतो ७ पिक्सेल. सात पिक्सेलच्या ठिपक्यावरून फोकस बरोबर की चूक, हे कोणीही सांगू शकणार नाही. व्ह्यूअर मात्र ते चित्र ताणून मोठं करून दाखवतो आणि बघणारा समजतो की आपण शंभर टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर ठेवून, तपासलं. कॅनन आणि निकॉनच्या रॉमध्ये हा जेपेग सहसा पूर्ण आकाराचा असतो, त्यामुळे तिथं नुकसान कमी. पण शार्पनिंग आणि नॉइज पुसण्याचा प्रश्न तिथंही आहेच. फास्टरॉव्ह्यूअरमध्ये ‘जे’ ही की दाबली की रॉ आणि आतला जेपेग आलटून-पालटून दिसतात. पहिल्याच दिवशी आपल्या कॅमेऱ्याची एक फाइल उघडून डोळ्यावर शंभर टक्के झूम करावं आणि ही की दहा वेळा दाबून बघावी.

पहिल्यांदा उघडल्यावर बहुतेकांची निराशा होते, हेही सांगायला हवं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर रसरशीत दिसलेलं चित्र इथं मरगळलेलं, थोडं मऊ आणि दाणेदार दिसतं. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला तर जास्तच. सॉफ्टवेअर वाईट आहे असं समजून लोक ते काढून टाकतात. वास्तविक तोच त्याचा गुण. नॉइज नंतर काढता येतो, चुकलेला फोकस नंतर आणता येत नाही. डोळ्यांना या दाणेदार चित्राची सवय व्हायला दोन-तीन सत्रं लागतात. एकदा झाली की दाण्यांच्या खाली पिसांच्या रेषा आहेत की नाहीत हे पटकन कळू लागतं.

कामाचा क्रम असा ठेवावा. कार्ड थेट उघडून छाटणी करू नये. आधी सगळं कॉम्प्युटरच्या एसएसडीवर उतरवावं. २५ एमबीच्या बाराशे फाइल म्हणजे ३० जीबी. सेकंदाला ९० एमबी वाचणारा कार्ड रीडर असेल तर साडेपाच-सहा मिनिटांचं काम. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून छाटणी केली तर प्रत्येक फ्रेमला अर्धा-एक सेकंद थांबावं लागतं. बाराशे फ्रेममध्ये ते थांबणंच माणसाला थकवतं, आणि थकलेला माणूस शेवटच्या चारशे फ्रेम न बघताच पुढे सरकतो. कॅमेऱ्यावरच फोटो उडवण्याची सवय तर पूर्ण सोडावी. तीन इंची स्क्रीनवर जे दिसतं ते लहान केलेल्या जेपेगचं रूप असतं, आणि उन्हात तेही धड दिसत नाही.

पहिली फेरी लहान चित्रांच्या जाळीत. इथं झूम करायचंच नाही. पक्षी निघून गेलेल्या फ्रेम, नुसती शेपटी, पाठमोरा, फ्रेमच्या कडेला कापलेला, डोळ्यावरच गवताचं पातं आलेलं, एवढंच बाद करायचं. बाराशेतल्या चार-पाचशे इथंच जातात. फास्टरॉव्ह्यूअर बाद केलेल्या फाइल पुसून टाकत नाही, त्याच फोल्डरमध्ये ‘रिजेक्टेड’ नावाचा उपफोल्डर करून त्यात हलवतं. लहान पक्ष्यांसाठी ही फार मोलाची सोय आहे. हा उपफोल्डर किमान आठवडाभर रिकामा करू नये. का, ते पुढे येईल.

दुसरी फेरी डोळ्याची. शंभर टक्के झूम, डोळा मधोमध. पुढच्या फ्रेमला गेल्यावर झूम आणि जागा तीच राहावी अशी सेटिंग चालू करून घ्यावी, म्हणजे काटकीवर बसलेल्या पक्ष्याच्या तीस फ्रेम नुसता बाण दाबत एका मिनिटात बघून होतात. या फेरीत ‘शार्प आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. शार्प नसेल तर का नाही, हे ओळखता आलं तर पुढच्या वेळी माळावर काय बदलायचं ते कळतं, आणि बऱ्याचदा त्याच बर्स्टमध्ये (बोट दाबून धरून घेतलेल्या सलग फ्रेममध्ये) चांगली फ्रेम कुठे सापडेल याचाही अंदाज येतो.

फोकस चुकला असेल तर चित्रात दुसरं काहीतरी शार्प असतंच: डोळ्याच्या पुढचं कुसळ, खांद्याची पिसं किंवा मागची काटकी. गाडीतून ६ मीटरवर, ५०० मिमी आणि एफ/६.३ ला, नेहमीच्या हिशोबाने फोकसची खोली, म्हणजे शार्प दिसणारा पट्टा, मिळते साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. तो हिशोब लहान प्रिंटचा. शंभर टक्क्यांवर बघणाऱ्याच्या कडक नजरेने ती जेमतेम दीड सेंटिमीटर उरते. मुनियाचं अंग याहून रुंद असतं. म्हणून पंखाची पिसं कापून काढल्यासारखी आणि डोळा किंचित मऊ अशी फ्रेम सतत मिळते. जाळीतल्या लहान चित्रात तीच सगळ्यात चांगली दिसते. ती घेऊ नये.

हात हलला असेल तर सगळ्याच गोष्टी एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसतात. डोळ्यातला कॅचलाइट, म्हणजे उजेडाचा चमकता ठिपका, यावर अचूक साक्ष देतो: गोल ठिपक्याची आडवी किंवा तिरकी रेघ झालेली असते. पक्षी हलला असेल तर काटकी आणि पंजे स्वच्छ, डोकं मात्र फराटल्यासारखं. गाणारा वटवट्या आणि मान झटकणारा गप्पीदास यांच्यात हे नेहमीचं. शांत बसलेल्या पक्ष्याला सेकंदाच्या १/८०० चा शटर स्पीड पुरतो, गाणाऱ्या-टिपणाऱ्याला १/१६०० च्या खाली जाऊ नये. अशा बर्स्टमध्ये गाण्याच्या दोन ओळींमधली, चोच मिटता-मिटतानाची फ्रेम शोधावी. तिथं मान क्षणभर थांबते.

चौथा प्रकार सोलापूरकरांनी नीट समजून घ्यायला हवा: झळा. मार्च ते मे इथला पारा चाळिशीपार जातो आणि मुरमाड माळावर सकाळी नऊनंतरच जमिनीलगतची हवा हलू लागते. चंडोल आणि तीरचिमण्या जमिनीवरच वावरतात, त्यामुळे लेन्स जमिनीला टेकवून घेतलेला सुंदर कोन नेमका या हलत्या हवेतून जातो. झळांनी खराब झालेल्या फ्रेममध्ये काहीच शार्प नसतं, पुढचं गवतही नाही आणि मागचंही नाही. कडा दुहेरी किंवा लहरी दिसतात. फोकस चुकला, लेन्स बिघडली, असं समजून लोक लेन्स दुरुस्तीला पाठवतात. वास्तविक दोष हवेचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. पक्षी जागचा हललेला नाही, तरी एकाच बर्स्टमध्ये त्याच्या पाठीची कड फ्रेमगणिक वेगळी दिसते. अशा बर्स्टची पहिली फ्रेम मऊ निघाली म्हणून सगळा बर्स्ट टाकून देऊ नये. हवा क्षणभर स्थिर होते. तीसमध्ये दोन-तीन फ्रेम बऱ्या निघतात, आणि त्या कुठेही असू शकतात. झळांची सकाळ असेल तर प्रत्येक फ्रेम बघणं हाच उपाय. पुढच्या वेळेसाठी: अंतर कमी करा, गाडीचं इंजिन बंद ठेवा, बॉनेटवरून फोटो काढू नका. एसी लावून नुकतीच काच खाली केली असेल तर आतली गार आणि बाहेरची तापलेली हवा खिडकीतच मिसळते, म्हणून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

या फेरीत फास्टरॉव्ह्यूअरचं फोकस पीकिंग कामाला येतं. शार्प कडांवर ते रंग चढवतं. याचे दोन प्रकार आहेत: एक ठळक कडा दाखवतो, दुसरा बारीक तपशील. लहान पक्ष्यांना दुसराच वापरावा. पहिला प्रकार चोचीची काळी कड आणि आकाशावरची काटकी लगेच रंगवून टाकतो, मग फोकस कुठंही असो. बारीक तपशिलाचा प्रकार डोळ्याभोवतीच्या आणि गालावरच्या पिसांवर उमटला तर फ्रेम पक्की. मात्र आयएसओ फार चढवलेला असेल तर तो नॉइजच्या दाण्यांनाच तपशील समजतो आणि मागची धूसर पार्श्वभूमीही रंगवतो. पार्श्वभूमीवर ठिपके दिसू लागले की पीकिंग बंद करून डोळ्यांनीच बघावं. पीकिंगने निवड करायची नसते, संशयित फ्रेम पटकन बाजूला काढायची असते.

उघडझापीचाही एक भाग आहे. पक्ष्याच्या डोळ्यावरून तिसरी पापणी आडवी सरकते. त्या क्षणाचा डोळा दुधाळ, निळसर दिसतो. लहान चित्रात तो कॅचलाइटसारखा भासतो, शंभर टक्क्यांवर लगेच कळतो. बाकी सगळं कितीही जमून आलेलं असो, ही फ्रेम बाद.

आता पांढऱ्या-काळ्याचं. कवड्या गप्पीदासाचा नर जवळजवळ पूर्ण काळा, पंखावर पांढरा पट्टा. डोंबारी चंडोलाच्या नराचा गाल पांढरा, पोट काळं. मोठ्या धोबी पक्ष्याची भुवई पांढरी. अशा पक्ष्यांत कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पांढरा भाग इशारा म्हणून लुकलुकतो आणि फोटोग्राफर ती फ्रेम उडालेली, म्हणजे जास्त प्रकाशाने तपशील गेलेली, समजतो. ती लुकलुक जेपेगवरून काढलेली असते. रॉमध्ये त्याच्यावर बऱ्याचदा अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जागा शिल्लक असते. फास्टरॉव्ह्यूअर हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-सावलीचा आलेख, रॉवरूनच काढतं, आणि लाल, हिरवा, निळा यांपैकी कोणत्या चॅनेलचा किती टक्के भाग खरोखर उडाला आहे याचा आकडा देतं. पट्ट्यातल्या पिसांच्या रेषा वाचल्या आहेत हे आकड्यात दिसलं की फ्रेम निश्चिंत ठेवावी. सावल्या उजळून बघण्याची सोयही आहे. काळ्या डोक्यातला काळा डोळा वेगळा दिसतो की नाही, हे तिनेच कळतं. काळ्या गप्पीदासाच्या फोटोत डोळा नुसता कॅचलाइटच्या ठिपक्यावर जगतो. तो ठिपका नसलेली फ्रेम, मग पिसं कितीही स्वच्छ असोत, मेलेली वाटते.

शिंजिराचा रंग हा तर निराळाच विषय. जांभळ्या शिंजिराच्या नराचा झळाळता निळा-जांभळा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो आणि तो ठरावीक कोनातच उमटतो. रुईच्या किंवा पळसाच्या फुलावर तो मान वळवत असतो तेव्हा वीस फ्रेमपैकी सतरांत नुसता काळा पक्षी आणि दोन-तीनमध्ये गळा पेटल्यासारखा. या फ्रेम जाळीतच ओळखून वेगळ्या काढाव्यात आणि मग डोळा तपासावा, म्हणजे इथं पहिल्याच फेरीत बाद करण्याबरोबर निवडही होते. झळाळता भाग निळ्या चॅनेलमध्ये उडालेला तर नाही ना, हे आकड्यावरून बघून घ्यावं. तिथला रंग उडाला की एडिटिंगमध्ये फिकट डाग राहतो.

इथपर्यंत सॉफ्टवेअर साथ देतं. यापुढची तिसरी फेरी पूर्णपणे नजरेची. डोळा शार्प असलेल्या शंभरेक फ्रेम उरतात. त्यांतून निवडताना मानेचा कोन आधी बघावा. डोकं कॅमेऱ्याच्या समांतर किंवा थोडं, पाच-दहा अंश, आपल्याकडे वळलेलं हवं. तेवढंच पलीकडे वळलेलं असेल तर डोळा दिसत असूनही पक्षी निघून चालल्यासारखा वाटतो. दोन सलग फ्रेममध्ये हा फरक नेहमी असतो, आणि शंभर टक्के झूमवर तो अजिबात दिसत नाही. म्हणून या फेरीत झूम काढून पूर्ण चित्र बघायचं. त्यानंतर शेपटी: काटकीमागे लपली आहे की मोकळी? पंजे: दोन्ही दिसतात का? चोच आणि काटकी यांची कड एकमेकींत मिसळली आहे का? डोक्यामागे गवताची उभी काडी आली आहे का? ज्वारीच्या दिवसांत मालदांडीच्या कणसावर मुनिया आणि सुगरणी बसतात. तिथं दाणा चोचीत धरलेला क्षण सगळे घेतात. त्याहून सुंदर क्षण पक्षी दाणा ओढताना अंग मागे टाकतो आणि कणीस वाकतं, तो. वेड्या राघूचंही तसंच. माशी धरून बसलेला फोटो प्रत्येकाकडे असतो. ती काटकीवर आपटून वर उडवल्यावर, चोच आणि माशी यांच्यात थोडी हवा असलेली फ्रेम दुर्मीळ. तिथं डोळ्याचा शार्पनेस किंचित कमी असला तरी आम्ही तीच निवडू.

काही फ्रेम मात्र शार्पनेस, प्रकाश, कोन सगळं जमूनही निवडू नयेत. चोचीत चारा धरून बराच वेळ बाहेरच बसलेला, पिसं अंगाला घट्ट चिकटवून, मान ताणून कॅमेऱ्याकडे ओरडणारा पक्षी घरट्याजवळ जाऊ शकत नाहीये, आणि त्याचं कारण फोटोग्राफर आहे. जाणकारांना ही देहबोली फोटोतही वाचता येते. असा फोटो बाहेर टाकला की दुसरे चार जण त्याच काटेरी झुडपापाशी जातात. घरट्याच्या फ्रेम तर पहिल्याच फेरीत काढून टाकाव्यात, आणि माळरानावरच्या पक्ष्यांच्या फोटोतली जीपीएसची नोंदही पुसावी.

चौथ्या फेरीत पाच-सहा फ्रेम उरतात, आणि त्या शेजारी-शेजारी ठेवून बघाव्या लागतात. इथं आम्ही फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर वापरतो. ते घरगुती वापराला फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं, आणि चार चित्रं एकत्र उघडून झूम व सरकवणं चारहींत एकदम करता येतं. रॉ उघडताना आतला जेपेग दाखवायचा की पूर्ण रॉ, हे सेटिंगमधून ठरवता येतं. तुलनेच्या वेळी पूर्ण आकार निवडावा. थोडं हळू चालतं, पण पाच-सहाच फाइल असतात. ज्यांना पैसे खर्च करायचेच नाहीत त्यांनी पहिल्या आणि चौथ्या फेरीसाठी फास्टस्टोन, आणि मधल्या डोळ्याच्या फेरीसाठी डिजिकॅम वापरावं. काम होतं, वेळ साधारण दुप्पट लागतो. डिजिकॅमच्या लाइट टेबलवर दोन फोटो शेजारी ठेवता येतात, हे लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांना उपयोगी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फोटो मेकॅनिक वेगात अजोड आहे, पण तो वेग आतल्या जेपेगचा आहे. क्रीडा आणि बातमीच्या फोटोग्राफरला तो योग्य, मुनियाच्या फोटोग्राफरला अपुरा. लाइटरूम क्लासिक ज्यांच्याकडे आहेच त्यांनी आयात करताना पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू बनवून घ्यावेत, कॅप्स लॉक चालू ठेवून ‘पी’ आणि ‘एक्स’ने निवडत-बाद करत जावं. चालतं, फक्त बाराशे फाइलचे प्रीव्ह्यू बनेपर्यंत जेवण आटोपून घ्यावं. लग्नाच्या फोटोंसाठी आलेली एआय छाटणीची सॉफ्टवेअर मुख्यतः माणसांच्या चेहऱ्यांवर बेतलेली आहेत. मिटलेले डोळे आणि हसरे चेहरे ओळखणं हे त्यांचं काम. तिसरी पापणी आणि शिंजिराच्या गळ्याचा कोन हे त्यांच्या आवाक्यातलं नाही.

एक गोष्ट बहुतेक छाटणीत राहून जाते. सुंदर फ्रेम आणि ओळख पटवणारी फ्रेम या वेगवेगळ्या असू शकतात. हिप्परग्याच्या एकरुख तलावाच्या काठावर किंवा कंबर तलावाच्या गवतात हिवाळ्यात दिसणाऱ्या तीरचिमण्या घ्या. देखण्या फोटोत पक्षी समोरून, गवतात अर्धा बुडालेला असतो. ओळख मात्र ठरते मागच्या नखाच्या लांबीवर, पंखावरच्या मधल्या पिसांच्या नक्षीवर, डोळा आणि चोच यांमधल्या रेषेवर. साधा वटवट्या आणि राखी वटवट्या यांत भुवई बघावी लागते. चंडोलांत तुऱ्याची ठेवण आणि शेपटीच्या कडेचा रंग. हे दाखवणाऱ्या फ्रेम बऱ्याचदा कुरूप असतात: उडताना पाठमोऱ्या, शेपटी पसरलेल्या, डोळा न दिसणाऱ्या. पहिल्या फेरीत बाद झालेल्या नेमक्या याच. रिजेक्टेड फोल्डर आठवडाभर ठेवायचा तो यासाठी. ओळखीबद्दल थोडाही संशय असेल तर त्या फोल्डरवरून पुन्हा एकदा नजर फिरवून अशा दोन-तीन फ्रेमना वेगळा एक रंग द्यावा. एक तारा नोंदीसाठी, तीन तारे एडिट करण्यासाठी, पाच तारे दाखवण्यासाठी, आणि ओळखीच्या फ्रेमना रंगाची खूण, अशी विभागणी पुरेशी आहे. दोन आणि चार तारे वापरले की छाटणी लांबते आणि निर्णय होत नाही.

तारे कुठे साठवले जातात हे माहीत नसल्याने बऱ्याच जणांची मेहनत पाण्यात जाते. फास्टरॉव्ह्यूअर रॉ फाइलला हात लावत नाही, शेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार करतं. तारे, रंगाची खूण, तुम्ही बदललेला एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, सगळं तिच्यात. फोल्डर पेनड्राइव्हवर घेताना कोणी फक्त रॉ फाइल निवडून उचलल्या की तारे गेले. हाताने हलवायच्या तर दोन्ही जोडीने हलवाव्यात. छाटणी आधी आणि लाइटरूममध्ये आयात नंतर, हाच क्रम ठेवावा. आयात करताना तारे आपोआप येतात. आयात आधीच झाली असेल तर लाइटरूमच्या मेटाडेटा मेनूतून फाइलवरचा मेटाडेटा वाचायला सांगावं लागतं, आणि तसं करताना लाइटरूममध्ये त्या फोटोवर केलेलं एडिटिंग पुसलं जाऊ शकतं. एडिट केलेल्या फोल्डरवर हा प्रयोग करू नये.

स्क्रीनचंही भान ठेवायला हवं. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर पिक्सेल दाट असतात, इंचाला १४१. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ते ९२. एकच फ्रेम लॅपटॉपवर शार्प आणि मॉनिटरवर मऊ वाटते ती यामुळे. दोन्हींपैकी एकावरच छाटणी करण्याची शिस्त ठेवावी. लॅपटॉपच असेल तर शेवटच्या पाच-सहा फ्रेम २०० टक्क्यांवरही बघाव्यात. फास्टरॉव्ह्यूअर चित्र दाखवायला ग्राफिक्स कार्डाची मदत घेतं. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही चालतं, मात्र ४५ मेगापिक्सेलच्या फाइल असतील तर अडखळ जाणवेल.

उणिवा सांगायच्या तर पहिली पडद्यावरच दिसते: मेनू आणि पर्याय इतके आहेत की नवखा माणूस बिचकतो, आणि मराठी मेनू नाही. सुरुवातीला पाचच गोष्टी शिकाव्यात: जाळी, शंभर टक्के झूम, रॉ-जेपेग अदलाबदल, बाद करणं आणि तारे. शॉर्टकट सेटिंगमधून बदलता येतात, तेव्हा डाव्या हाताच्या बोटांखाली येतील अशा कीज लावून घ्याव्यात. दुसरं, जुने फोटो शोधायला याचा उपयोग नाही. तीन वर्षांपूर्वीचा सुभग पक्ष्याचा फोटो कुठे आहे हे ते सांगणार नाही. त्यासाठी फोल्डरना तारीख-ठिकाणाची नावं देणं किंवा कॅटलॉगचं सॉफ्टवेअर वापरणं आलं. तिसरं, फक्त जेपेगमध्ये फोटो काढणाऱ्याला यातून फारसं काही मिळत नाही. जेपेग उघडतात, पण ज्या रॉ हिस्टोग्रामसाठी पैसे द्यायचे तो तिथं लागूच होत नाही.

किंमत डॉलरमध्ये आहे. डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, नाहीतर पैसे भरताना व्यवहार नाकारला जातो. काम झालं की ते पुन्हा बंद करून टाकावेत. तीस दिवसांची फुकट मुदत इन्स्टॉल केल्यापासून मोजली जाते, म्हणून पावसाळी रिकाम्या आठवड्यात ते उतरवून ठेवू नये. हुरड्याच्या दिवसांत, शेतात मुनियांचे थवे असताना आणि कार्डावर निदान दोन-तीन सकाळी भरलेल्या असतानाच सुरू करावं. पहिल्या सकाळचे फोटो नेहमीच्या व्ह्यूअरमध्ये छाटून निवडलेल्या फ्रेमचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, मग तोच पूर्ण फोल्डर फास्टरॉव्ह्यूअरमध्ये नव्याने छाटावा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. दोन्हींत तेच क्रमांक आले तर तुमच्या कॅमेऱ्याचा जेपेग तुमच्या कामाला पुरेसा आहे, पैसे खर्च करू नका.